रत्नागिरीच्या बायकांनी मत मागितलं तेव्हा

दिवाळी अंकासाठी शाळेतले अनुभव लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला. उभा जन्म मुलींच्या शाळेत शिकवण्यात गेला, तेव्हा त्यांचं मागणं चुकीचं नाही. पण शाळेतले अनुभव सगळ्याच मास्तरणींचे सारखे. जिला काही येत नाही नेमकं तिलाच इन्स्पेक्टरसाहेब प्रश्न विचारतात, आणि पुढे तीच मुलगी चांगल्या घरात पडते नि रस्त्यात भेटली तर आपल्याला ओळख देत नाही. त्यापेक्षा मी जे दुसरं काम केलं त्याविषयी लिहिते. त्याला पगार नव्हता, रजा नव्हती आणि त्याला म्हणायचं काय हेही आम्हांला ठाऊक नव्हतं. आमचे हे त्याला 'सुभद्रेची वणवण' म्हणत.

विसाच्या सालानंतरची गोष्ट. मुंबईच्या कौन्सिलात लोकांनी निवडलेले सभासद बसू लागले होते. लोक म्हणजे पुरुष. बाईच्या नावावर आंब्याची बाग असो की घर, सारा ती वेळेवर भरत असली तरी तिला मत नव्हतं. ते द्यायचं की नाही, हा प्रश्न ज्या त्या प्रांताच्या कौन्सिलवर सोपवलेला. म्हणजे ठरवणार पुरुषांनी निवडलेले पुरुष, आणि त्यांना पटवायचं बायकांनी! मुंबईच्या काही भगिनींनी गावोगावच्या महिला मंडळांना कळवलं की, ठराव येतो आहे, आपापल्या जिल्ह्याच्या सभासदाला गाठा.

आमच्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या वकिलीणबाई. अंगानं स्थूल, आवाज खणखणीत, चालणं असं की पायाखालचा जांभा दगडही बाजूला सरेल. त्यांचे यजमान कोर्टात वकील; पण घरातला युक्तिवाद यांचा. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सुभद्रे, तुझी शाळा साडेदहाला भरते नि पाचाला सुटते. मग उरलेल्या दिवसाचं काय करतेस?"

"स्वयंपाक," मी म्हटलं.

"तो तुझा नवरा करील. तारबाबू आहे ना? कडकट्ट कडकट्ट करून मेलं दिवसभर बसायचं. तेवढाच हातांना पालट."

अशी माझी नेमणूक झाली. आणि खरंच, तार ऑफिसातून आल्यावर भात टाकायचं काम त्या दिवसापासून ह्यांनी उचललं. करपलेला भात आम्ही पुष्कळ खाल्ला.

आमच्या भागाचे कौन्सिलातले सभासद रावसाहेब हेही वकीलच. भला माणूस, हुशार, हसतमुख. कुणालाही नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे त्यांचं 'हो' ऐकून कुणाला आनंद होत नसे. एका संध्याकाळी वाचनालयात त्यांचं भाषण होतं. आम्ही पाचसहाजणी मागच्या बाकावर बसलो. भाषण संपल्यावर वकिलीणबाई उभ्या राहिल्या. सभेत बाई उभी राहून बोलते म्हटल्यावर पुढच्या सगळ्या पगड्या नि टोप्या एकदम मागे वळल्या.

"रावसाहेब, ठराव आला तर तुम्ही कुठल्या बाजूनं?"

रावसाहेब हसले. "वहिनी, मी स्त्रियांच्या उन्नतीचा पक्षपाती आहेच. पण रत्नागिरीच्या स्त्रियांना मत हवं आहे का? तुम्हांला हवं आहे, या मास्तरीणबाईंना हवं आहे. बाकीच्यांचं काय? आता आमच्या मातोश्रींचंच घ्या. त्या हो म्हणाल्या, तर मी आनंदानं मुंबईत हात वर करीन!"

सगळं वाचनालय हसलं. कारण माई, म्हणजे रावसाहेबांच्या आई, साऱ्या गावाला माहीत होत्या. तरुणपणी वैधव्य आलं, बागा राखल्या, मुलाला वकील केलं. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. बायकांच्या सभा, भाषणं, मंडळं या गोष्टींना त्या एकाच शब्दात 'थेरं' म्हणत.

वकिलीणबाई मात्र हसल्या नाहीत. "ठरलं हो, रावसाहेब. एवढी माणसं साक्षीला आहेत," म्हणाल्या, आणि पदर सावरून खाली बसल्या. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "अहो, माई कशा हो म्हणतील?"

"ते तू बघ," त्या म्हणाल्या.

आता हे काम कसं करायचं, ते थोडं सांगते. आज माणसं लाउडस्पीकर लावून मोटारीतून ओरडत जातात. आमच्या वेळी बाईला गाठायचं म्हणजे वेळ ओळखावी लागे. सकाळी चूल, संध्याकाळी दिवाबत्ती. दुपारची जेवणं आटोपली की पुरुषमंडळी लवंडतात. तेवढ्या अवधीत घर बायकांचं असतं. त्यातही पुढच्या दारानं जायचं नाही. ओटीवर सासरा झोपाळ्यावर असतो, तो आधी 'काय काम?' विचारतो आणि मग सगळं अवघड होतं. मागच्या दारानं जावं, पापड लाटत असतील तर पोळपाट ओढून घ्यावा, आणि 'आम्हांला मत हवं' असा, सह्या घ्यायचा कागद पिशवीतून काढायची घाई करू नये. मी पहिल्या आठवड्यात सगळीकडे आधी कागद काढला. बायकांना वाटलं, जप्ती आली.

प्रश्न तरी काय काय यायचे! एकीनं विचारलं, "मत दिलं की परत मिळतं का?" एक म्हणाली, "आमच्या घरात मत यांचंच असतं, मी फक्त मीठ घालते." एका नव्या सुनेनं सासूच्या धाकानं सही केली नाही, दुसऱ्या दिवशी सासूच एकटी शाळेत आली नि हळूच म्हणाली, "माझी घ्या हो, पण तिला सांगू नका." एकीला आपली सही वाकडी आली असं वाटलं, म्हणून ती खोडून पुन्हा, पुन्हा खोडून पुन्हा, अशी ती शेवटी कागदाच्या तळाशी पोचली.

तरीही माझा कागद ब्राह्मणआळीच्या बाहेर फारसा गेला नव्हता. तो गेला जानकीमुळे.

जानकी खारवीण राजिवड्याची. तिचा नवरा बंदरात होडीवर होता आणि ही डोक्यावर पाटी घेऊन गावभर मासे विकत असे. उंच, काटक, आणि तिची हाक अशी की वरच्या आळीतल्या बायका खालच्या आळीतली हाक ऐकून पातेली धुवायला घेत. एका मागच्या दारी माझी तिची गाठ पडली. मी तिथल्या मुलींना कौन्सिल म्हणजे काय ते समजावत होते, आणि माझं मलाच कळत होतं की कुणालाच कळत नाही. जानकी पाटी उतरवून ऐकत बसली होती.

"काय गो बाय, म्हंजे आपली गाऱ्हाणी मुंबयला न्यायला मानूस धाडायचा, तोच ना?"

"तोच."

"नि कोन धाडायचा ते बापये ठरवतात?"

"हो."

"नि आपन ठरवायचं म्हनतीस?"

"हो."

"मग येवढं पुरान कशाला सांगतीस? येवढंच सांग ना!"

त्या दिवसापासून मी एवढंच सांगू लागले. जानकी शाई नि कोरे कागद मागून घेऊन गेली. चार दिवसांनी आली ती राजिवड्याच्या, भाट्याच्या, थेट आरे-वाऱ्यापर्यंतच्या बायकांचे अंगठे घेऊन. अंगठे ठळक होते, एकही पुसट नाही. मात्र कागद तिनं सुक्या बांगड्यांच्या टोपलीत ठेवून आणले होते. वकिलीणबाई शुद्ध शाकाहारी. त्यांनी ते चिमटीत धरून, तोंड फिरवून मोजले. मुंबईला पाठवताना आम्ही प्रत्येक घडीत कापराची वडी घातली. काही उपयोग झाला नसावा.

सह्या झाल्या, अंगठे झाले. पण रावसाहेबांनी अट घातली होती ती माईंची. मी एका दुपारी धीर करून त्यांच्याकडे गेले. माई मागच्या पडवीत आमसुलं वाळत घालत होत्या. लाल आलवण, हातात काठी, कावळ्यांवर नजर. मी पाटावर बसले. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"आता माझं ऐक. या घरात माझ्या हुकमाशिवाय नारळ पडत नाही. तो रावसाहेब झाला तरी मला विचारून बाहेर पडतो. मला मेलं ते मत कशाला हवं? ज्यांना घरात कुणी विचारत नाही, त्यांनी सभा कराव्यात. सरबत घे नि जा."

मी सरबत घेतलं नि गेले. वकिलीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सरबत दिलं ना? म्हणजे पुन्हा जायला हरकत नाही."

दुसऱ्यांदा गेले, तेव्हा मागच्या अंगणात माई आणि जानकी यांची घासाघीस चालली होती. माई विधवा झाल्यापासून मासे खात नसत; पण घरच्यांसाठी घेताना कल्ला उचलून बघणार त्याच. दोघींचं भांडण रोजचं होतं आणि दोघींनाही ते आवडत असावं, कारण ते कधी लवकर संपत नसे.

भाव एकदाचा ठरला. जानकी मासे सुपात काढता काढता म्हणाली, "माई, मुंबयच्या ताईला तिसरं झालं म्हनं? जातंव की नाय बघायला? आगबोटी सुरू हायत."

माईंचा चेहरा बदलला. "नाही जायची," त्या म्हणाल्या.

"दोन झाली तवा पन नाय गेलंव."

"नाही जायची म्हटलं ना!"

जानकीनं सूप खाली ठेवलं. मग माईच बोलू लागल्या. आम्हां दोघींपैकी कुणाकडे न बघता, सुपाकडे बघत.

त्या वेळी रत्नागिरीहून मुंबईला जायचं म्हणजे आगबोटीनं. आगबोट खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यापासून होडीनं तिच्यापर्यंत जायचं, आणि होडीही थेट वाळूला लागत नसे. तेवढ्या गुडघाभर, कमरेभर पाण्यातून खलाशी उतारूंना उचलून नेत. पुरुष खांद्यावर बसत, बायकांना दोन हातांवर घेत. सगळ्याच बायका डोळे मिटून घेत. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्याकडे जायला माई निघाल्या होत्या. बरोबर लाडू, कुळथाचं पीठ, बाळंतविड्याची गाठोडी. त्यांना उचललेल्या माणसाचा पाय लाटेत सरकला आणि दोघंही पाण्यात गेली. आलवण अंगाला चिकटलेलं, डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि वाळूवर अख्खी आगबोटीची गर्दी.

"हसली गो माणसं," माई म्हणाल्या. "सगळी नाही हसली. पण हसली. मी तशीच ओलेती घरी आले. त्या दिवसापासून बंदरावर पाऊल टाकलं नाही. माझी लेक पहिल्या वेळी जाता जाता राहिली, तरी गेले नाही. नातवंडांची तोंडं पाहिलेली नाहीत."

जानकीनं डोळे पुसले. "माजा घोवच उचलतो मान्सांना," ती म्हणाली. "तो पन म्हनतो, लाज वाटते बायांना हात लावायला. दगडी पायऱ्या बांधल्या पान्यापरेंत तर कोनाला उचलाया नको."

"मी विश्वनाथाला किती वेळा सांगितलं!" विश्वनाथ म्हणजे रावसाहेब. "धक्का बांधायला सांग, पायऱ्या बांधायला सांग. हो म्हणतो. मुंबईला जातो नि विसरतो."

त्या क्षणी मला जे सुचलं ते आजवर पुन्हा कधी इतकं वेळेवर सुचलं नाही. मी म्हटलं, "माई, मत मागायला ज्यांच्या दारात जावं लागतं, त्यांचं सांगणं रावसाहेब विसरतात का?"

माईंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात कावळ्यानं एक आमसूल उचलून नेलं, तरी काठी हलली नाही.

"तुझी सभा कधी आहे म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मी सभा असं काही म्हणाले नव्हते. पण तिथल्या तिथे म्हटलं, "येत्या रविवारी, शाळेत."

रविवारपर्यंत आमची तारांबळ उडाली. सतरंज्या गोळा केल्या, हळदीकुंकवाचं निमित्त केलं, आणि जानकीनं हाक फिरवली. शाळेचे तीनही वर्ग भरून बायका पडवीत बसल्या, अंगणात बसल्या. खारवी, भंडारी, कुळवाडी, ब्राह्मण, सोनारीण, सगळ्या. बसल्या मात्र आपापल्या सतरंजीवर, हेही खरं लिहायला हवं. जानकीच्या बायका अंगणातल्या उन्हात बसल्या होत्या आणि त्यांना आत बोलवायचं त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

रावसाहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते प्रसन्न मुद्रेनं खुर्चीवर बसले. आईची अट आठवून त्यांना निर्धास्त वाटत असावं. मग फाटकाशी बैलांची दमणी थांबली. आतून आधी काठी आली, मग माई. रावसाहेब खुर्चीतून अर्धे उठले ते तसेच राहिले.

माई पुढच्या सतरंजीवर बसल्या. वकिलीणबाईंनी भाषण सुरू केलं होतं, त्यांना हातानं थांबवून माई म्हणाल्या, "तुझं मागाहून. विश्वनाथ!"

"आई, तू इथं?"

"बंदरावर पायऱ्या बांधायचं मी तुला कधीपासून सांगत्ये?"

"अगो आई, ते खातं वेगळं, त्याला मंजुरी..."

"कधीपासून?"

रावसाहेब कोर्टात कधी अडखळत नसत. आता ते रुमालानं मान पुसू लागले. "ताईच्या पहिल्या वेळेपासून," ते हळूच म्हणाले.

"इथं बसल्येत त्यातल्या कितीजणींना खलाशांनी उचलून नेलंय? हात वर करा गो."

आधी एक हात आला, मग दोन, मग बांगड्यांचा एकदम आवाज झाला. आतल्या, पडवीतल्या, अंगणातल्या बायकांचे हात वर. रावसाहेब त्या हातांकडे पाहत राहिले. तो माणूस भला होता म्हणून मी वर लिहिलं ते उगीच नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आपण दर खेपेला ज्या खांद्यावर मजेत बसून जातो, त्याच पाण्यात बाईला काय वाटतं, हे त्यांच्या मनात त्यापूर्वी कधी आलं नसावं.

"आता ऐक," माई म्हणाल्या. "घरात तू माझं ऐकतोस ते आई म्हणून. मुंबईला गेलास की मी तुझी आई नसते. तिथं तू ज्यांची मतं घेतलीस त्यांचा. तेव्हा मला मत हवं. यांनाही हवं."

रावसाहेबांनी दोन्ही हात वर केले. "दिलं, आई! मुंबईत एकच वर करायचा असतो, तो करतो."

बायका इतक्या हसल्या की हळदीकुंकवाचं तबक कुणीतरी लवंडलं. वकिलीणबाईंचं भाषण राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल त्या मला पुढे कितीतरी दिवस बोलत होत्या.

मुंबईत ठराव आला त्या दिवशी मी शाळेत तिसरीला भूगोल शिकवत होते. खिडकीतून पाहते तो आमचे हे डोक्याला टोपी न घालता धावत येत आहेत. टोपीशिवाय ते अंगणातल्या विहिरीवरही जात नसत. मला वाटलं, माहेरहून काही वाईट बातमी आली. ते दारात थांबून धापा टाकत म्हणाले, "पास! पास झाला! रावसाहेबांची तार आहे, आईच्या नावानं. मी अजून पोचवली नाही, आधी तुला सांगायला आलो." तार ज्याची त्याला आधी द्यायची, हा नियम त्यांनी नोकरीत तेवढ्या एकदाच मोडला. मी मुलींना सुट्टी दिली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पण पुढे जे झालं तेही सांगितलं पाहिजे. ठराव झाला म्हणजे पुरुषांना जे नियम होते ते बायकांना लागू झाले. जमीन हवी, घर हवं, सारा भरलेला हवा. माईंचं नाव लागलं. बाग त्यांच्या नावावर होती. वकिलीणबाईंचं लागलं, माहेरची वाडी त्यांची होती. माझं लागलं नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण मला ते आधीपासून माहीत होतं. जानकीला माहीत नव्हतं. मी सांगितलं असेल नसेल. तिनं विचारलं नव्हतं. ती एके दिवशी आनंदानं विचारायला आली, "बाय, मत द्यायला कवा जायचं?" तेव्हा मला सांगावं लागलं.

ती पाटीवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हंजे माजा आंगठा चालला, नि मी नाय चालले?"

मी म्हटलं, "पुढं नियम बदलतील."

"बदलतील," ती म्हणाली, "तवा हाक मार." आणि पाटी उचलून गेली. मला वाटलं, आता ही आपलं तोंड बघायची नाही. पण निवडणुकीच्या दिवशी ती सकाळीच हजर. ज्या म्हाताऱ्यांना चालवत नव्हतं, त्यांच्यासाठी तिनं नवऱ्याकडून डोली मागून आणली होती. दिवसभर ती त्यांना कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत आणत होती, आणि स्वतः पायऱ्यांखाली थांबत होती.

त्या दिवशी सगळ्यांत मोठी फजिती झाली वकिलीणबाईंची. एवढी सभाधीट बाई, पण टेबलाशी कारकुनानं विचारलं, "यजमानांचं नाव?" आणि यांची वाचाच बसली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मागे रांग, समोर कारकून टाक उचलून बसलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊ शकत नव्हते, दारातच होते. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि भर कचेरीत म्हणाल्या:

"रुप्याच्या ताटात फणसाचे गरे,
गोविंदरावांचं नाव घेते, साहेब, लिहून घ्या बरे!"

कारकुनानं निमूट लिहून घेतलं. मागच्या बाईलाही तोच प्रश्न आला, आणि आता वाट मोकळी झाली होती. तिनंही उखाणा घेतला. त्या दिवशी कचेरीचं काम बरंच रेंगाळलं म्हणतात.

रावसाहेब त्या निवडणुकीला उभे होतेच. आदल्या दिवशी ते मत मागायला माईंकडे गेले, तर माईंनी त्यांना मागच्या दारातून परत पाठवलं. "उमेदवार ना तू? मग पुढच्या दारानं ये. जोडे काढ, बस, आणि रीतसर माग." ते पुढून आले, बसले, रीतसर मागितलं. माईंनी गूळपाणी दिलं आणि सांगितलं, "बघते."

ते निवडून आले. पुढे बंदरावर पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या झाल्या, वर सावलीला पत्रे आले. माई काठी टेकत स्वतःच्या पायांनी होडीत बसून लेकीकडे जाऊन आल्या. पण मत कुणाला दिलं हे त्यांनी सांगितलं नाही. रावसाहेबांनी किती आडून विचारलं, चिडून विचारलं. "तुला दिलं असेल, नसेलही. तू काम कर," एवढंच उत्तर. त्या गेल्या तेव्हा दहाव्याला भेटलेले रावसाहेब मला म्हणाले, "बाई, तुम्हांला तरी बोलल्या होत्या का?" मला त्या काही बोलल्या नव्हत्या. आणि बोलल्या असत्या तरी मी सांगितलं नसतं.

दहाबारा वर्षं गेली. तिसाच्या पुढचा काळ आला, नवा कायदा झाला, आणि त्यात एक वाट निघाली: जिला लिहितावाचता येतं अशा बाईला मत, मग तिच्याजवळ जमीन असो वा नसो. नाव लागण्यासाठी अर्ज करायचा आणि साहेबासमोर वाचून दाखवायचं. मी ही बातमी वाचली आणि त्याच संध्याकाळी राजिवड्याला गेले. जानकी फाटकं जाळं तुणत बसली होती. केस पिकले होते, चष्मा नव्हता, आवाज तोच.

"नियम बदलले," मी म्हटलं. "हाक मारायला आले."

"जमीन नको?"

"नको. अक्षरं हवीत."

ती हसत सुटली. "ह्या वयात?" म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकामी पाटी डोक्यावर घेऊन पडवीत येऊन बसली.

मी पुष्कळ मुलींना शिकवलं, पण अशी विद्यार्थिनी मिळाली नाही. तिच्या हातून पाटीवरची पेन्सिल रोज मोडे, कारण ती कोयत्यासारखी धरायची. बाराखडीतल्या 'कमळ', 'गणपती' यांच्याशी तिचं जमेना. मग 'ब' बांगड्याचा, 'स' सरंग्याचा, 'म' मुडदुशाचा, असं सुरू झालं नि गाडी चालू लागली. 'क' तिला फार आवडला. गळाचा आकडा दिसतो म्हणाली. एक अक्षर आलं की ते ती बंदरावर जाऊन होड्यांवरच्या नावांत शोधून काढी आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगे, "अमक्याच्या होडीवर माजा 'क' हाय." जोडाक्षरांवर मात्र ती संतापायची. "दोगांना एका जागी कशाला कोंबलं?" पाऊस सुरू झाला, संपला, नवरात्राच्या सुमारास ती अडखळत का होईना, वाचू लागली.

परीक्षेचा दिवस आला. कचेरीत साहेबासमोर आठदहा बायका होत्या. बहुतेक माझ्या जुन्या विद्यार्थिनी. साहेब तरुण, देशावरचा, नुकताच बदलून आलेला. त्यानं जानकीकडे पाहिलं, तिच्या कासोट्याकडे पाहिलं आणि जरा अडखळून विचारलं, "तुम्हांला वाचता येतं?"

"येतं की."

त्यानं टेबलावर पुस्तक शोधलं. पुस्तक नव्हतं, होतं ते दुसऱ्या बाईच्या हातात. मग त्यानं समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "ते काय लिहिलंय ते वाचा."

जानकीनं पदर खोचला. मी दारात उभी होते. त्या पाटीवर एक जोडाक्षर होतं. तिनं डोळे बारीक केले, ओठ हलवून एकदा मनातल्या मनात जुळवलं, आणि मग तिला सवय होती त्या आवाजात, ज्या आवाजात ती उभ्या आयुष्यात गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत आली होती, त्या आवाजात तिनं वाचलं:

"ये-थे मो-ठ्या-ने बो-लू न-ये!"

शिपाई धावत आत आला. शेजारच्या दालनातलं काम थांबलं. अंगणात बसलेले पक्षकार उठून खिडकीशी आले. साहेबानं एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा जानकीकडे, आणि हसू दाबत दाबत त्याचा चेहरा लाल झाला.

"पुन्यांदा वाचू काय, सायेब?" जानकीनं विचारलं.

"नको, नको," साहेब म्हणाला आणि टाक शाईत बुडवून, तोंडानं एकेक अक्षर उच्चारत, स्वतःच्या हातानं तिचं नाव लिहू लागला.